वर्षात अख्खं शास्त्र (बायबल) की एकच शुभवर्तमान सावकाश? दोन्ही करून पाहिलं, त्यावरून

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला तिघाचौघांनी विचारला आणि प्रत्येक वेळी मी वेगळंच काहीतरी उत्तर दिलं, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकावं. प्रश्न असा, की नोकरी, घर, मुलं, आजारपणं हे सगळं सांभाळून प्रभू येशूच्या जवळ जायचं असेल तर सकाळच्या (किंवा रात्रीच्या, ज्याला जे जमेल ते) त्या वीस-पंचवीस मिनिटांत नेमकं करायचं काय? रोज वाचावं, प्रार्थना करावी, मंडळीत (चर्चमध्ये) जावं हे सगळ्यांना माहितीये, ते परत सांगत बसत नाही. अडचण त्याच्या पुढे येते. शास्त्र समोर उघडलंय, आता किती वाचू आणि कुठून वाचू?

माझ्या मते खरे पर्याय दोनच. एक, वर्षभराची वाचन योजना घ्यायची आणि डिसेंबरपर्यंत उत्पत्ती ते प्रकटीकरण, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत, पूर्ण करायचं. दुसरा, एक शुभवर्तमान (मत्तय, मार्क, लूक, योहान या येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एक) घ्यायचं आणि रोज एकच प्रसंग, संपायची घाई न करता. पहिला मी तीन वर्षं केला, त्यात एकदाच पूर्ण झाला. दुसरा गेली अडीच वर्षं चालू आहे. यावरूनच कळेल माझा कल कुठे आहे ते, पण पहिल्याची बाजूही प्रामाणिकपणे मांडायचा प्रयत्न करतो, कारण आमच्या घरातच त्या पक्षाची एक खंदी समर्थक आहे आणि ती हे वाचणार आहे.

आधी थोडा हिशोब, कारण योजना घेताना हा हिशोब कोणी करत नाही, मीही नव्हता केला. शास्त्राचे अध्याय ११८९, म्हणजे रोज सव्वातीन. ऐकायला काहीच वाटत नाही. पण सरळ उत्पत्तीपासून सुरुवात केली तर उत्पत्ती आणि निर्गम मिळून ९० अध्याय, म्हणजे जानेवारी संपता संपता तुम्ही लेवीय या नियमांच्या पुस्तकात शिरता, आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा अर्पणं, कोडाचे चट्टे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम यात जातो. मी पहिल्या वर्षी इथेच बसलो. त्याहून गंमत पुढे आहे. जुन्या कराराचे, म्हणजे येशूच्या आधीच्या भागाचे, ९२९ अध्याय संपून नव्या करारातलं मत्तय सुरू व्हायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडतो. चारही शुभवर्तमानं मिळून ८९ अध्याय, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांत ती संपलेली असतात. येशूच्या जवळ जायचं म्हणून जानेवारीत निघालो, तो प्रत्यक्ष भेटला ऑक्टोबरात, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपण पुढच्या पुस्तकात.

आता यावर कोणी म्हणेल की जुना करारही त्याच्याबद्दलच आहे, पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांना त्याने स्वतःच मोशेपासून सुरुवात करून सगळं उलगडून सांगितलं की नाही? बरोबर आहे. पण तिथे सांगणारा तो होता आणि ऐकणाऱ्यांची मनं आतून पेटली होती. माझं मन लेवीय वाचताना पेटलं नाही, काय करू.

म्हणून दुसऱ्या वर्षी मिश्र योजना घेतली, रोज थोडा जुना करार, थोडा नवा, एक स्तोत्र. या प्रकारातली जुनी आणि नावाजलेली योजना रॉबर्ट मरे मॅकचेन नावाच्या स्कॉटलंडमधल्या तरुण पाळकाची. त्याने ती १८४२ च्या अगदी शेवटी आपल्या डंडीच्या मंडळीसाठी काढली, वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा. तो स्वतः पुढच्या मार्चमध्ये गेला, वय अवघं २९. त्याची योजना आजही लोक वापरतात पण तिच्यासोबत त्याने मंडळीला जे लिहिलं होतं ते फारसं कोणी वाचत नाही. त्यात फायद्यांच्या आधी त्याने धोके सांगितलेत. वाचन नुसता उपचार होऊन बसेल, काहींना आपण फार धार्मिक झालो असं वाटायला लागेल, काही जण कसंतरी उरकतील, आणि काहींना हे ओझं पेलणारच नाही. मला हे खूप उशिरा कळलं. कळलं तेव्हा एकदम हलकं वाटलं, कारण चारही धोक्यांत मी पडून झालो होतो, आणि तेही त्याच क्रमाने.

पण योजनेने मला काय दिलं ते आधी सांगतो, नाहीतर अन्याय होईल. ज्या वर्षी पूर्ण केली त्या वर्षी पहिल्यांदा शास्त्र एक गोष्ट म्हणून दिसलं, नाहीतर लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलेले तुकडेच डोक्यात होते, दावीद-गल्याथ, योना आणि मासा, मधलं सगळं धूसर. गणना या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात साप चावलेल्या लोकांसाठी मोशे पितळेचा साप उंच करतो हे वाचलं, आणि काही आठवड्यांनी योहान ३ मध्ये येशू आपल्यालाही तसंच उंच केलं जाईल म्हणताना निकदेमाला तोच साप सांगतो तेव्हा मी खुर्चीतच सरळ बसलो. योहान ३:१६ (देवाने जगावर एवढी प्रीती केली...) लहानपणापासून तोंडपाठ होतं, त्याच्या दोनच ओव्या आधी साप आहे हे मात्र कधी जाणवलंच नव्हतं! क्रुसावरची ती हाक, माझ्या देवा, तू मला का सोडलंस, बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे हेही योजनेमुळेच नीट बसलं. ज्याने आयुष्यात एकदाही अख्खं शास्त्र वाचलेलं नाही त्याने ते एकदा वाचावंच असं मला वाटतं. एका वर्षातच का, हा मात्र प्रश्न आहे.

आता येतो त्या गोष्टीवर जिच्यामुळे माझं योजनेशी बिनसलं. ती गोष्ट म्हणजे टिक. अ‍ॅपमध्ये वाचून झालं की गोल हिरवा होतो, सलग किती दिवस झाले तो आकडा वर दिसतो, आणि चुकलं की मागे राहिलेले दिवस लाल. पहिले काही आठवडे मजा येते, खोटं नाही बोलणार. मग मुलाला ताप आला, तीन रात्री जागरणं, त्रेचाळीस दिवसांचा आकडा परत शून्यावर, आणि मला चक्क राग आला. म्हणजे मूल बरं झालं याचा आनंद होताच, पण त्याच्या खाली कुठेतरी आकडा गेल्याची चुटपुटही होती. राहिलेल्या दिवसांच्या तारखा पुढे ढकलायचं एक बटण असतं, ते मी त्या वर्षात तीनदा दाबलं आणि तिन्ही वेळा परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटलं. कोणाची परीक्षा, कोण बघतंय, काही नाही. पण वाटायचं.

आणि मग ती रात्र. पाच दिवस मागे होतो, साडेअकरा वाजले होते, ठरवलं की आज बॅकलॉग संपवूनच झोपायचं. नव्या करारात मत्तय २६ आणि २७ आले होते. ज्यांनी सलग वाचलेत त्यांना माहिती असेल, २६ वा ७५ ओव्यांचा आणि २७ वा ६६ ओव्यांचा, लांबच लांब. मी वाचत होतो आणि अंगठ्याने स्क्रीन वर ढकलून बघत होतो की अजून किती उरलंय. आणि नेमका ज्या ठिकाणी थांबून मी उरलेलं मोजत होतो तिथे गेथशेमाने होतं, येशूच्या अटकेआधीची ती बाग. शिष्य पेत्र झोपलाय, आणि येशू येऊन विचारतोय की माझ्यासोबत तासभरही जागं राहवलं नाही का तुमच्याने? हे वाचून मी थांबलो असतो तर ही गोष्ट छान साक्ष म्हणून सांगता आली असती. मी थांबलो नाही. पुढे वाचत गेलो, २७ वा संपवला, त्याला क्रुसावर दिलं, कबरेत ठेवलं, कबरेच्या तोंडाशी मोहोर लागली, मी गोल हिरवा केला आणि मला हायसं वाटलं की चला, आजचं संपलं.

सकाळी दात घासताना ते आठवलं. प्रभूला कबरेत ठेवल्यावर मला हायसं वाटलं होतं.

यात योजनेची चूक नाही हे मान्य. चूक माझीच, मी मुळात हिशोबी माणूस आहे, घरखर्चाच्या वहीतही मला शेवटी रेघ मारायला आवडते. पण निवड करताना आपण कोण आहोत हे धरूनच करायला हवी ना, म्हणून हे इतकं सविस्तर सांगतोय. टिक दिसली की ज्याचा हात आपोआप तिच्याकडे जातो त्याने योजनेपासून जरा जपून राहावं असं आपलं माझं मत.

त्यानंतर दोन-तीन आठवडे काहीच वाचलं नाही. मग मंडळीतल्या एका आजींनी, मी त्यांना काही सांगितलेलंही नसताना, उपासनेनंतर बोलता बोलता म्हटलं, "मार्क घे, आणि संपवायचा नाही असं ठरवून वाच." संपवायचा नाही! मला ते इतकं विचित्र वाटलं की करून बघितलं. मार्कात १६ अध्याय आहेत, एका बैठकीत दीड तासात वाचून होतो. मला सात महिने लागले.

पद्धत म्हणावी असं त्यात काही नाही. एक प्रसंग घ्यायचा, वारा शांत केला तो, किंवा छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडलं तो. एकदा वाचायचा, मग परत हळू वाचायचा, आणि कुठेतरी अडकलं की तिथेच थांबायचं. अडकलेल्या ठिकाणावरून प्रार्थना करायची, जी काय चार वाक्यं निघतील ती. आणि वहीत एकच ओळ लिहायची. मी सुरुवातीला "आज काय शिकलो" असं लिहायचो, ते आठवड्यात बंद केलं कारण रोज तेच तेच यायचं, विश्वास ठेवावा, भिऊ नये, क्षमा करावी, शाळेतल्या सुविचारासारखं. मग ठरवलं की येशूने त्या प्रसंगात काय विचारलं तेवढंच लिहायचं. मार्कातला येशू खूप प्रश्न विचारतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. एवढे का घाबरलात? माझ्या कपड्यांना कोण शिवलं? तुमच्याजवळ भाकरी किती आहेत? वाटेत कसली चर्चा चालली होती तुमची? (आपल्यात मोठा कोण, ही. म्हणून सगळे गप्प.)

तर दहाव्या अध्यायात असताना एका सकाळी बार्तीमयाचा प्रसंग होता. आंधळा भिकारी ओरडतोय, लोक गप्प करतायत, येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? मी वहीत ती ओळ लिहायला घेतली आणि हात थांबला, कारण तीच ओळ तीन-चार दिवसांपूर्वीच्या पानावर होती. याकोब आणि योहान हे शिष्य येऊन म्हणाले होते की आम्ही मागू ते तू करावंस, त्यांनाही त्याने जवळजवळ याच शब्दांत हाच प्रश्न विचारला होता. एकच अध्याय, एकच प्रश्न, दोन उत्तरं. त्यांना येशूच्या उजवी-डावीकडची मानाची जागा पाहिजे होती आणि याला दिसायला पाहिजे होतं. योजनेत हा अध्याय मी निदान तीनदा वाचला असेन. तीनदा हिरवा केला असेल. पण हे दिसलं नव्हतं, कारण तिथे प्रश्न त्यांना विचारलेला होता, मला नाही. त्या सकाळी मी वहीवर बराच वेळ नुसता बसून राहिलो, कारण त्याच सुमारास ऑफिसात बढतीचं चाललं होतं आणि माझ्या प्रार्थना कोणत्या उत्तराच्या बाजूला जातात ते मला स्वच्छ कळत होतं. पुढे बढतीचं काय झालं ते विषयाबाहेरचं आहे.

सावकाश वाचनाचा अजून एक फायदा, जो मला कोणी सांगितला नव्हता. अध्याय ही गोष्ट मुळात नव्हतीच. आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनने पाडले असं साधारण मानतात, आणि नव्या कराराच्या आजच्या ओव्यांचे आकडे १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन नावाच्या छापखानदाराने घातले. सोयीसाठी उत्तम. पण योजना अध्यायावर चालते, त्यामुळे जिथे अध्याय संपतो तिथे आपला दिवसही संपतो, आणि काही ठिकाणी तो फारच वाईट जागी संपतो. योहान १३ च्या शेवटी येशू पेत्राला सांगतो की कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. अध्याय संपला, टिक. दुसऱ्या दिवशी १४ वा सुरू होतो, तुमचं अंतःकरण अस्वस्थ होऊ नये. हे वचन आपण सांत्वनाच्या प्रार्थनेत, अंत्यविधीला शंभर वेळा ऐकलेलं असतं, पण ते त्याच दमात, नाकारणार असल्याचं ज्याला नुकतंच सांगितलं त्या पेत्राच्या देखत म्हटलंय, हे दोन्ही जोडून वाचल्याशिवाय जाणवत नाही. तू मला नाकारशील, आणि अस्वस्थ होऊ नका, माझ्या पित्याच्या घरी जागा आहे. मधली रेघ पुसली की केवढा फरक पडतो! लूकमध्येही असंच आहे, विसाव्याच्या शेवटी विधवांची घरं गिळणारे शास्त्री आणि एकविसाव्याच्या सुरुवातीला दोन दमड्या टाकणारी विधवा, आणि त्यांच्यामध्ये आपली रात्रीची झोप.

मी हे एकाला सांगितलं तर तो म्हणाला, "पण हे असं चिंतन वगैरे कॅथलिक लोकांचं ना?" त्याला काय सांगणार. बाराव्या शतकात ग्वीगो नावाच्या एका मठवासीने वाचन, मनन, प्रार्थना आणि निवांत राहणं अशा चार पायऱ्या लिहून ठेवल्या हे खरं, त्याने उपमाही छान दिलीये, वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेत चव लागते आणि शेवटची पायरी म्हणजे तो गोडवाच. पुढे इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संताच्या १५४८ साली छापलेल्या साधनेत प्रसंगात स्वतः जाऊन उभं राहायला, बघायला, ऐकायला सांगितलंय. पण नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करणारा माणूस पहिल्याच स्तोत्रात आहे आणि ते तर सगळ्यांचंच आहे. शिवाय प्रॉटेस्टंट उदाहरणच पाहिजे असेल तर ब्रिस्टलचा अनाथालयवाला जॉर्ज म्यूलर. त्याने १८४१ मध्ये लिहून ठेवलंय की तो आधी सकाळी उठून थेट प्रार्थनेला बसायचा आणि मन भरकटण्यातच कितीतरी वेळ जायचा, मग त्याने क्रम बदलला, आधी वचनावर मनन, त्यातून आपोआप प्रार्थना. माझा अनुभव अगदी हाच. विनंत्यांची यादी घेऊन बसलो की मी पाचव्या मिनिटाला ऑफिसात पोहोचलेला असतो, आणि प्रसंगातून सुरुवात केली की निदान बोलायला समोर कोणीतरी असतं.

आता दुसऱ्या पद्धतीचे वांधे. आहेत, आणि कमी नाहीत.

पहिलं म्हणजे कोरडे दिवस. योजनेत काही जाणवलं नाही तरी अध्याय तरी होतात, इथे काही जाणवलं नाही तर हातात काहीच नसतं. माझ्या वहीत कितीतरी पानांवर नुसती तारीख आहे. सुरुवातीला फार खट्टू व्हायचो. मग बेथसैदाचा आंधळा आला, जो दोन टप्प्यांत बरा होतो आणि जो फक्त मार्कातच आहे. पहिल्यांदा हात ठेवल्यावर त्याला माणसं झाडांसारखी दिसतात, चालणारी. मधल्या अवस्थेत त्याने खोटं "हो, दिसतंय" म्हटलं नाही हे मला फार आवडलं. तेव्हापासून कोरड्या दिवशी मी तारखेपुढे "झाडं" असं लिहितो.

दुसरं, आपल्याला हवं तेच ऐकू यायला लागतं. एकट्याने, सावकाश, स्वतःच्या कल्पनेने वाचणं म्हणजे येशूच्या तोंडी आपलंच वाक्य घालायला रान मोकळं. यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही. एका मित्राला आठवड्यातून एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर वहीतली एखादी ओळ पाठवतो, तो कधीकधी "हे तिथे लिहिलेलं नाहीये रे" असं उलट पाठवतो आणि ते झोंबतं, म्हणजे उपयोग होतोय.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, जुना करार हातातून सुटतो. याचा झटका मला मार्क ११ ला बसला. येशूला भूक लागते, अंजिराच्या झाडाला फळ नसतं, मार्क वर स्पष्ट सांगतो की तो हंगामच नव्हता, तरी येशू झाडाला शाप देतो. मी तीन दिवस तिथे अडकलो आणि चौथ्या दिवशी येशूवर चिडलो, अगदी खरं सांगतो. जेवताना बायकोला म्हटलं की हे काही मला पटत नाही, बिचाऱ्या झाडाची काय चूक. ती योजनावाली. ती सहज म्हणाली, "यिर्मयात आहे की हे, वेलीवर द्राक्षं नाहीत, झाडाला अंजीर नाही, देव इस्राएलाकडे फळ शोधतोय आणि मिळत नाही." आठवा अध्याय. जाऊन बघितलं तर खरंच. मग मार्क परत उघडला, तर अंजिराच्या दोन तुकड्यांच्या मध्ये त्याने मंदिर ठेवलंय. झाड, मग मंदिरातला बाजार उलथवणं, मग वाळलेलं झाड. पानांनी भरलेलं, लांबून हिरवंगार, जवळ गेल्यावर काही नाही. मला माझे हिरवे गोल आठवले. पण मुद्दा तो नाही, मुद्दा हा की ते कोडं सोडवलं योजनेने, माझ्या सात महिन्यांच्या मननाने नाही.

बायकोची ही तिसरी फेरी आहे. तिला टिकचा काही त्रास होत नाही, मागे पडली तर ती सरळ ते दिवस सोडून आजच्या तारखेला येते, राहिलेलं पुढच्या वर्षी होईल म्हणते. हे इतकं सोपं आहे हे मला सुचलंच नाही कधी! तिचं म्हणणं असं की रोज आपल्या मनाला काय लागलं हे बघत बसण्यापेक्षा देवाचं लांबलचक बोलणं ऐकत राहावं, सगळं कळलंच पाहिजे असं नाही, घरात म्हाताऱ्या माणसाचं बोलणं नाही का आपण ऐकतो. आणि ती माझ्यापेक्षा कमी चिडते हेही नमूद करायला हवं. तेव्हा मी वर जे म्हटलं त्यातलं निम्मं माझ्या स्वभावाबद्दल आहे असं धरून चाला.

तरीपण माझं पारडं का झुकतं ते सांगतो. सकाळी वाचलेलं अकरा वाजता आठवतं का, एवढीच माझी कसोटी आहे. योजनेच्या दिवसांत कोणी मला दुपारी विचारलं असतं की आज काय वाचलंस तर मी "चार अध्याय" म्हणालो असतो. आता निदान एक वाक्य तरी खिशात असतं. मागे एकदा घरून काम करत असताना मुलगा तिसऱ्यांदा काहीतरी दाखवायला आला आणि मी त्याला जोरात हाकललं, आणि दार लागल्या लागल्या आठवलं की परवाच वाचलं होतं, शिष्य मुलांना अडवत होते तेव्हा येशू चिडला. मत्तय आणि लूकही तो प्रसंग सांगतात पण तो चिडला हे मार्कच सांगतो. म्हणजे त्या क्षणी मी प्रसंगात नक्की कोणाच्या जागी उभा होतो ते मला समजलं. उठून मुलाकडे गेलो. आधी गेलो नसतो असं नाही, पण संध्याकाळी गेलो असतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा स्वयंपाकघरातला एक भाऊ होता, त्याला ते काम मनापासून नावडायचं, पण भांड्यांच्या खडखडाटातही तो देवाशी बोलत राहायला शिकला. ते काही मला जमत नाही. अकरा वाजता एक वाक्य आठवणं जमतं.

ठरवणाऱ्यांसाठी थोडक्यात माझं मत, पटलं तर घ्या. नुकतेच विश्वासात आला असाल तर मार्क, सावकाश, डोळे मिटून. लहानपणापासून मंडळीत वाढलात आणि सगळ्या गोष्टी पाठ आहेत म्हणून कंटाळा येतो, तरीही मार्क, किंबहुना तुम्हाला जास्तच. जुना करार कधीच सलग वाचला नसेल तर योजना घ्या पण तारखा नसलेली घ्या, दोन वर्षं लागू द्या, आणि सोबत शुभवर्तमानातला एखादा परिच्छेद ठेवा म्हणजे येशूसाठी ऑक्टोबरपर्यंत थांबायला नको. लहान बाळ आहे किंवा शिफ्टची ड्युटी आहे त्यांनी योजनेच्या वाटेला जाऊच नये, उगाच अपराधी वाटत राहतं. दुःखात असाल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि स्तोत्रं वाचा. रोजच्या मननाची जी छोटी पुस्तकं मिळतात ती मी वापरून पाहिली, चांगली असतात, पण वचन दोन ओळी आणि लिहिणाऱ्याची गोष्ट दीड पान, शेवटी माझ्या लक्षात गोष्टच राहायची. ऑडिओ बायबल प्रवासात उत्तम, फक्त मला झोप लागते.

आणि वही साधीच घ्या, सजवलेली, तारखा छापलेली नको. तारीख छापलेली असली की रिकामं पान लाल गोलासारखंच दिसायला लागतं.

सध्या मी लूकमध्ये आहे, सातव्या अध्यायात, शिमोन नावाच्या एका कर्मठ परुश्याच्या घरी. चार दिवस झाले, ती बाई अजून येशूच्या पायाशी रडतेय आणि मला पुढे जावंसं वाटत नाहीये. बायकोने जुन्या करारातला यहेज्केल संपवत आणलाय. काल विचारलं कुठवर आलं, तर म्हणाली मंदिराची मोजमापं चालू आहेत, मध्ये बोलू नकोस.